जहाज कुणाच्या हाती द्यायचं? बोटीवरच्या अधिकाऱ्यांचे दाखले, सोप्या भाषेत

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. देशातली व्यापारी जहाजवाहतूक ज्या १९५८ च्या कायद्यावर इतकी वर्षं चालली, त्याच्या जागी हा आणलेला आहे. त्याच्या तीनेक महिने आधी, २५ मे २०२५ ला, लायबेरियाचा झेंडा लावलेलं 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज कोचीजवळ बुडालं आणि केरळच्या किनाऱ्याला कंटेनर येऊन लागले. या दोन बातम्यांमुळे ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: एवढं मोठं जहाज चालवायला माणसाकडे नेमकं काय असावं लागतं, आणि ते आहे की नाही हे बघतं कोण?

प्रश्न मुंबईचाच आहे. नौवहन महासंचालनालय म्हणजे डीजी शिपिंग कांजूरमार्गला, परीक्षा घेणारं मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट चर्चगेटजवळ महर्षी कर्वे मार्गावर, आणि भरती एजंटांच्या पाट्या बेलापुरात. 'आमचा मुलगा बोटीवर असतो' असं सांगणारी घरं तर विरारपासून उरणपर्यंत. तरीही ज्या घरात कुणी बोटीवर आहे तिथेसुद्धा या दाखल्यांबद्दल गोंधळ असतो, आणि काही घरांनी त्या गोंधळापायी लाखो रुपये घालवले आहेत. म्हणून मुळापासून सांगतो.

कोर्स झाला, तरी अधिकारी झाला नाही

बारावीनंतर कुणी एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा करतं, कुणी तीन वर्षांची बीएस्सी, कुणी चार वर्षांचं मरीन इंजिनीअरिंग. निकाल लागला की घरात पेढे वाटले जातात आणि शेजारीपाजारी 'ऑफिसर झाला' म्हणू लागतात. तो अजून झालेला नसतो. एलएलबी झालेला माणूस सनद मिळाल्याशिवाय कोर्टात उभा राहू शकत नाही, तसंच हे. जहाजावरची सनद म्हणजे सक्षमता प्रमाणपत्र. बोटीवर त्याला 'सीओसी' किंवा नुसतं 'तिकीट' म्हणतात. पुढे मी सीओसीच म्हणेन.

सीओसी विद्यापीठ देत नाही, सरकार देतं. त्यासाठी कोर्स लागतो, समुद्रावर काढलेला काळ म्हणजे 'सी टाइम' लागतो, लेखी परीक्षा लागते, वैद्यकीय तपासणी लागते आणि शेवटी तोंडी परीक्षा. डिप्लोमावाल्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, आपल्याकडे १८ महिन्यांचा सी टाइम भरावा लागतो. त्या काळात तो ट्रेनिंग रेकॉर्ड बुक भरत असतो: आज नांगर टाकताना काय केलं, ताऱ्यांवरून जहाजाची जागा कशी काढली, कुणी शिकवलं. त्यावर जहाजावरच्या अधिकाऱ्याची सही लागते. किमान सहा महिने ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीत, अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पाळी करावी लागते.

तोंडी परीक्षेची धास्ती सगळ्यांना. समोर सरकारी सर्व्हेअर, म्हणजे जहाजं आणि दाखले तपासणारा अधिकारी, बसलेला, टेबलावर जहाजांची छोटी मॉडेल. तो एक मॉडेल तुमच्या उजव्या अंगाला ठेवतो. रात्र आहे, तिकडून लाल दिवा दिसतोय. काय कराल? लाल दिवा जहाजाच्या डाव्या अंगाला असतो, म्हणजे समोरचं जहाज उजवीकडून येऊन आपल्यापुढून आडवं जातंय. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वाट आपण द्यायची. मुलगा बरोबर सांगतो. सर्व्हेअर मॉडेल हलवत नाही, एवढंच म्हणतो, 'आता धुकं पडलं. रडारवर दिसतंय, डोळ्यांना नाही.' इथे भलेभले गडबडतात. कारण एकमेकांना न दिसणाऱ्या जहाजांना तो नियमच लागू होत नाही. धुक्यात कुणाचाच आधी जायचा हक्क नसतो आणि दोघांनीही टक्कर टाळायची असते. पाठांतर करून आलेला आणि समजून आलेला, दोघे इथे वेगळे होतात.

लाल-हिरव्या दिव्यांच्या या खेळामुळेच ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याला डेकवरचा, म्हणजे जहाज हाकणारा, अधिकारी होता येत नाही. ही तपासणी कोर्सची फी भरण्याआधी करून घ्यावी, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो.

तिकिटाचं नाव एक, हुद्दा दुसरा

डेकच्या बाजूला तीन पायऱ्या आहेत: सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर म्हणजे कॅप्टन. सेकंड मेटचं तिकीट मिळालेला मुलगा साधारणपणे थर्ड ऑफिसर म्हणून लागतो आणि मास्टरचं तिकीट खिशात असलेला माणूस कधी कधी वर्षानुवर्षं चीफ ऑफिसरच राहतो. तिकीट सांगतं की माणूस कुठवर जाऊ शकतो. कुठल्या हुद्द्यावर ठेवायचा हे कंपनी ठरवते. इंजिन रूममध्ये हाच हिशेब उलट्या आकड्यांनी चालतो. क्लास फोर हे सुरुवातीचं, क्लास टू सेकंड इंजिनीअरचं आणि क्लास वन चीफ इंजिनीअरचं.

किमान अटी आंतरराष्ट्रीय आहेत. चीफ मेट म्हणजेच चीफ ऑफिसर व्हायला पाळी सांभाळणारा अधिकारी म्हणून किमान १२ महिने समुद्रावर, कॅप्टन व्हायला किमान ३६, आणि त्यातले १२ महिने चीफ मेट म्हणून केले असतील तर २४. दर पाच वर्षांनी सीओसीचं नूतनीकरण करावं लागतं. मागच्या पाच वर्षांत मिळून १२ महिने किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिने समुद्रावर काढलेले असले तर ते सुरळीत होतं. ज्यांनी किनाऱ्यावर नोकरी धरली त्यांना उजळणीचे कोर्स वगैरे करावे लागतात.

हे नियम आले कुठून?

१८ मार्च १९६७ ला 'टोरी कॅन्यन' नावाचं तेलवाहू जहाज वेळ वाचवायला जवळची वाट धरून इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढलं. एक लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. तोपर्यंत प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं अधिकाऱ्यांना दाखले देत होता आणि एका देशाचा मास्टर दुसऱ्या देशाच्या मास्टरइतकाच शिकलेला असेल याची खात्री नव्हती. त्या आणि त्यानंतरच्या अपघातांनी जगाला एकत्र बसायला लावलं आणि १९७८ मध्ये एसटीसीडब्ल्यू करार झाला: दर्यावर्दींचं प्रशिक्षण, त्यांचे दाखले आणि पाळी सांभाळण्याची पद्धत यांचा जागतिक किमान दर्जा. तो १९८४ मध्ये लागू झाला, १९९५ मध्ये मुळापासून बदलला आणि २०१० मध्ये मनिला इथे पुन्हा सुधारला. भारतानं त्यावर आपले २०१४ चे नियम बेतले. नव्या कायद्यालाही याच चौकटीत चालावं लागणार, त्यामुळे कायदा बदलला म्हणून कुणाचं तिकीट रद्दी झालं असं समजायचं कारण नाही.

सगळी जहाजं सगळ्यांना चालवता येत नाहीत

दाखल्यावर मर्यादा लिहिलेल्या असतात. डेकच्या अधिकाऱ्यासाठी मोजमाप असतं ग्रॉस टनेजचं. टनेज म्हटलं की वजन डोळ्यांसमोर येतं, पण हे जहाजाच्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेलं असतं. ५०० आणि ३००० हे महत्त्वाचे टप्पे: मोठ्या जहाजाच्या मास्टरसाठी अटी कडक. इंजिनीअरसाठी इंजिनाची ताकद बघतात, ७५० आणि ३००० किलोवॅट. किनाऱ्याजवळच्या फेऱ्यांसाठी वेगळी, मर्यादित तिकिटं असतात आणि ती घेऊन कुणी परदेशी फेरीला निघू शकत नाही.

मालाचा प्रश्न निराळा. मुंबई बंदरात जवाहर द्वीपाला टँकर लागतात. अशा टँकरवर कॅप्टन, चीफ ऑफिसर, चीफ इंजिनीअर, सेकंड इंजिनीअर आणि माल चढवण्या-उतरवण्याची थेट जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या सगळ्यांकडे त्या प्रकारच्या टँकरचं वरचं प्रशिक्षण असावं लागतं. तेल, रसायनं आणि द्रवरूप वायू यांची प्रशिक्षणं वेगवेगळी. वीस वर्षं कोळशाची जहाजं नेलेला नामांकित कॅप्टन उद्या गॅसच्या टँकरवर थेट चढू शकत नाही, आणि हे अगदी बरोबर आहे. कोळसा आणि गॅस चुकीची शिक्षा सारखी देत नाहीत.

कमीत कमी किती माणसं हवीत?

प्रत्येक जहाजावर एक सरकारी कागद असतो: सेफ मॅनिंग डॉक्युमेंट. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली नोंदलेलं आहे तो देश जहाजाचा आकार, माल, इंजिनाची स्वयंचलितता आणि फेऱ्यांचा पल्ला बघून ठरवतो की कुठल्या तिकिटाची किती माणसं असल्याशिवाय हे जहाज बंदर सोडणार नाही. यात मास्टर, चीफ मेट, पाळीचे अधिकारी, इंजिनीअर आणि खलाशी सगळे येतात.

माझं इथे स्पष्ट मत आहे. हा आकडा किमान म्हणून काढलेला असतो आणि काही मालक तो कमाल समजून चालतात. कागदावर दोन अधिकाऱ्यांत जमतं म्हणून रोज नवं बंदर गाठणाऱ्या छोट्या जहाजावर दोघांनाच राबवायचं, हे कायद्यात बसवता येतं, पण त्यातून काय होतं ते पुढे सांगतो.

दाखला आहे, पण माणूस जागा आहे का?

२४ मार्च १९८९ ला 'एक्सॉन वाल्डेझ' हा टँकर अलास्काच्या खाडीत खडकावर चढला. त्या वेळी ब्रिजवर थर्ड मेट होता. अधिकारी म्हणून लागणारा परवाना त्याच्याकडे होता. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं कारणं नोंदवली त्यात थर्ड मेटचा थकवा आणि कामाचा अतिरेक होता, आणि दारूच्या अमलामुळे कॅप्टननं ब्रिजवरची व्यवस्था नीट न लावणंही होतं.

म्हणून आज कायदा दाखल्याबरोबर झोपेचाही हिशेब मागतो. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि आठवड्याला किमान ७७. ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडायची नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असला पाहिजे. नोंदी रोज ठेवायच्या आणि त्यावर त्या माणसाची सही घ्यायची. मनिला सुधारणांनी रक्तातल्या अल्कोहोलचीही कमाल मर्यादा घातली, ०.०५ टक्के.

खोट्या नोंदी होतात का? होतात. पाळीची वही आणि विश्रांतीची वही शेजारी ठेवली की बऱ्याचदा उघडं पडतं, कारण बंदरात जहाज पहाटे तीनला धक्क्याला लागलं असेल तर ज्याची झोप त्या वेळी लिहिली आहे तो पुढच्या डेकवर दोर सांभाळत होता हे दुसऱ्या वहीत असतं.

आता तर सगळं संगणक करतो, मग एवढी माणसं कशाला?

ऑटोपायलट जहाज दिलेल्या दिशेनं धरून ठेवतो. समोर मच्छीमारांच्या होड्यांचा जथा आहे, त्यातल्या निम्म्यांवर कुठलंही यंत्र नाही आणि एकाची जाळी आपल्या वाटेत पसरली आहे, हे त्याला कळत नाही. वसई ते अलिबागच्या पट्ट्यात रात्री ब्रिजवर उभं राहिलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा. ब्रिजवर एक असंही यंत्र असतं जे ठरावीक मिनिटांनी, तीन ते बारा मिनिटांच्या आत, अधिकाऱ्याची हालचाल झाली की नाही ते बघतं. झाली नाही तर आधी दिवा, मग भोंगा, मग दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक. म्हणजे यंत्रांनी भरलेल्या ब्रिजवरही एक यंत्र केवळ माणूस जागा आहे ना हे बघायला ठेवलेलं आहे.

माणूस नसलेलं जहाज काय करतं हे जुहूनं पाहिलंय. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला 'एमटी पवित' हा टँकर महिनाभर अरबी समुद्रात वाहत राहिला आणि ३१ जुलै २०११ ला जुहूच्या वाळूवर येऊन रुतला. कुणालाही न कळता.

झेंडा पनामाचा, कॅप्टन डोंबिवलीचा. कायदा कुणाचा?

झेंड्याचा. जहाज पनामा, लायबेरिया किंवा मार्शल आयलंड्समध्ये नोंदलेलं असेल तर त्यावर कोण काम करू शकतो हे तो देश ठरवतो. पण परीक्षा तो घेत बसत नाही. भारताशी त्याचा करार असतो आणि भारताच्या सीओसीला तो आपली मान्यता जोडतो. ही मान्यता म्हणजे एन्डॉर्समेंट. अर्ज केल्याचा पुरावा जवळ असेल तर ती हाती येईपर्यंत जास्तीत जास्त तीन महिने काम करता येतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की असे झेंडे फक्त पैसे घेऊन नोंदणी करतात, नियम कोण पाळतं? काही झेंड्यांबद्दल तक्रार खरी आहे. त्यावर उतारा म्हणून बंदराचा देश तपासणी करतो. न्हावा शेवाला कुठल्याही झेंड्याचं जहाज लागलं तरी भारताचे सर्व्हेअर त्यावर चढू शकतात, मूळ दाखले मागू शकतात, ते सेफ मॅनिंगच्या कागदाशी ताडून बघू शकतात. एका जरी आवश्यक अधिकाऱ्याचा दाखला कमी पडला तर जहाज अडकवून ठेवता येतं. हिंदी महासागर, युरोप आणि आशिया-पॅसिफिकमधल्या देशांनी यासाठी आपापसात करार केले आहेत, त्यामुळे एका बंदरातला शेरा पुढच्या बंदरांनाही कळतो.

भर समुद्रात कॅप्टनच आजारी पडला तर?

याचं उत्तर एसटीसीडब्ल्यू करारातल्या व्याख्येतच आहे. चीफ मेट म्हणजे कॅप्टननंतरचा असा अधिकारी, ज्याच्याकडे कॅप्टन असमर्थ झाल्यास जहाजाची सूत्रं जातात. तो तयार असावा म्हणूनच त्याची परीक्षा इतकी अवघड ठेवलेली. सेकंड इंजिनीअरचंही तसंच.

इतर जागा अचानक रिकामी झाली तर झेंड्याचा देश अपवाद म्हणून सूट देऊ शकतो, जास्तीत जास्त सहा महिने, आणि तीही लगतच्या खालच्या पदाचा दाखला असलेल्याला. मास्टर आणि चीफ इंजिनीअर या दोन जागांसाठी अशी सूट मिळत नाही; अगदीच दैवी आपत्ती असेल तर, आणि तेव्हाही शक्य तितक्या थोड्या काळासाठी.

एलिफंटाच्या लाँचलाही हेच नियम?

नाहीत. गेटवेहून एलिफंटाला किंवा भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या लाँच आतल्या पाण्यात चालतात. त्यांच्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे आणि त्यांच्या सारंग-इंजिन ड्रायव्हरांचे दाखले वेगळे, अटी हलक्या. नौदलाच्या नौका तर व्यापारी कायद्याच्या बाहेरच. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर आदळली, तेव्हा लोकांना वाटलं की बंदरातल्या सगळ्यांना एकच कायदा लागू असेल. पाणी तेच, कायदे तीन.

आयुष्य समुद्रावर गेलेल्या सारंगाचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यांत मनापासून पटतो. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला येऊन बोटीवर चढली. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, सुकाणी, खलाशी म्हणून. त्यांच्यातला एखादा जुना सारंग दोर ताणताना नुसत्या आवाजावरून सांगतो की हा आता तुटणार. वर्षा-दोन वर्षांचा थर्ड ऑफिसर त्याच्यासमोर पोर. मग तिकीट पोराकडे का?

कारण पाळीवर असताना धुक्याचा नियम, स्थैर्याचं गणित आणि आणीबाणीचा इंग्रजीतला संवाद हे एकाच माणसाला त्याच क्षणी जमावं लागतं, आणि ते जमतं हे कुणीतरी तपासलेलं असावं लागतं. पण दार बंद नाही. कॅडेट न होता खलाशी म्हणून ३६ महिने सी टाइम केलेल्याला अधिकाऱ्याच्या परीक्षेकडे जाण्याची वाट एसटीसीडब्ल्यू करारातच ठेवलेली आहे. अडचण पैशाची, वेळेची आणि इंग्रजीची असते. या माणसांसाठी मराठीतून तयारी करून घेणारे वर्ग मुंबईत निघायला हवेत, असं मला फार वाटतं. बोटीवरून उतरल्यावर मिळणाऱ्या दोन-तीन महिन्यांत घर, शेती आणि लग्नकार्यं उरकणाऱ्या माणसाला कुणी हात धरून बसवल्याशिवाय तो हे-बंदर रोडवरच्या, या परीक्षांचे कोर्स चालवणाऱ्या कॉलेजपर्यंत पोहोचत नाही.

दाखला खोटा निघाला तर?

मालकाला काय होतं ते आधी बघू. समुद्री कायद्यात जहाज 'समुद्रयोग्य' असावं लागतं, आणि त्यात लोखंडाइतकीच माणसंही मोजतात. १९५७ मध्ये 'हाँगकाँग फर' हे जहाज २४ महिन्यांसाठी भाड्यानं दिलं गेलं. इंजिनं जुनी, इंजिन रूममधला ताफा अपुरा आणि अकुशल. जहाज सारखं बंद पडू लागलं. इंग्लंडच्या न्यायालयांनी ते समुद्रयोग्य नव्हतं असं मानलं. तेवढ्यावरून करार मोडता येणार नाही असंही सांगितलं, पण तत्त्व पक्कं झालं. अपघातानंतर मालवाले आणि विमावाले आजही दाखले बघायला मागतात ते त्यामुळेच.

मुलाला काय होतं? खोट्या कागदावर चढलेला मुलगा परदेशी बंदरात पकडला गेला तर गुन्हेगार तो ठरतो, एजंट नाही. म्हणून बेलापुरात किंवा कुठेही पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी बघा. एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे दर्यावर्दींच्या भरतीचा परवाना आहे का. यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर असते. तो नोकरी लावण्याचे पैसे मागतो का. परवानाधारकाला असे पैसे घेता येत नाहीत, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट आणि सीडीसी म्हणजे दर्यावर्दीचं ओळखपुस्तक यांचा खर्च तेवढा उमेदवाराचा. आणि जो दाखला तो 'परदेशातून काढून देतो' म्हणतो, त्यासाठी मुलगा परीक्षेला कधी आणि कुठे बसणार आहे हे विचारा. भारतीय सीओसी त्याच संकेतस्थळावर क्रमांक टाकून पडताळता येतो. क्रमांक मागितल्यावर एजंट 'जॉइनिंगनंतर देतो' म्हणाला, तर तिथूनच उठून या.